तैलरंगातले पहिले नगरदृश्य : चूक दिसते कुठे आणि असते कुठे

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या दक्षिण टोकाला उभे राहून उत्तरेकडे पाहिले, की उजव्या हाताला जुने सचिवालय, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय अशा इमारती एकामागून एक दूर जाताना दिसतात. तैलरंगातले माझे पहिले नगरदृश्य मी याच ठिकाणाहून केले. कॅनव्हास बारा इंच रुंद आणि सोळा इंच उंच होता आणि चित्र पूर्ण व्हायला सुमारे चार महिने लागले. त्यातला निम्म्याहून अधिक काळ मी चुकीच्या जागी दुरुस्ती करण्यात घालवला. या लेखात चित्र काढण्याची कृती आहेच, परंतु लेखाचा मुख्य विषय चूक झाल्यावर तिचा माग कसा काढावा हा आहे. कारण नगरदृश्यात चूक ज्या जागी डोळ्यांत खुपते, त्या जागी ती क्वचितच झालेली असते. खिडकी वाकडी दिसते तेव्हा दोष बहुधा क्षितिजरेषेत असतो, सावली मळकी दिसते तेव्हा तो उजेड-अंधाराच्या मोजमापात असतो आणि रंग निस्तेज दिसतो तेव्हा तो कदाचित रंगात नसून खालच्या थराने शोषून घेतलेल्या तेलात असतो.

महाराष्ट्रात चित्रकलेची वाट धरणारे बहुतेक जण शासकीय रेखाकला परीक्षांपासून, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटपासून, जलरंगाच्या सवयी घेऊन येतात. फिकटाकडून गडदाकडे जायचे, उजेडासाठी कागद कोरा सोडायचा आणि एकदा लावलेला रंग फार ढवळायचा नाही, हे जलरंगाचे संस्कार उत्तम आहेत. पण तैलरंगात ते जसेच्या तसे आणले, तर पहिल्या दोन चुका ब्रश हातात घेण्याआधीच ठरून जातात. माझ्या बाबतीत तसेच झाले, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

जागेवरची तयारी आणि दोन क्षितिजरेषा

मी मैदानावर घडीच्या बुटक्या स्टुलावर बसून पेन्सिलीने रेखाटने केली आणि निघताना उभी राहून फोनवर छायाचित्रे काढली. घरी चित्र काढताना इमारती छायाचित्रावरून घेतल्या आणि मैदानावरची माणसे रेखाटनांवरून. चित्र अर्धे झाल्यावर टॉवरच्या पायथ्याशी चालणारी माणसे राक्षसासारखी अवाढव्य दिसू लागली. मी तीन संध्याकाळी त्यांना लहान करून पाहिले, तेव्हा ती तरंगू लागली. खाली ओढली, तेव्हा ती जवळ आली आणि बाजूच्या झाडांशी त्यांचे प्रमाण बिघडले. शेवटी पट्टी घेऊन बसल्यावर कारण सापडले. उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची साधारण पाच फूट असते आणि बुटक्या स्टुलावर बसल्यावर ती साडेतीन फुटांच्या आसपास येते. क्षितिजरेषा पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते, त्यामुळे माझ्या एकाच चित्रात दोन क्षितिजरेषा नांदत होत्या.

सपाट जमिनीवरची माणसे तपासण्याची रीत यातूनच समजते. आपण उभे राहून पाहत असलो, तर जवळचा माणूस असो की फर्लांगभर दूरचा, सर्वांची डोकी साधारण एकाच रेषेवर येतात आणि फक्त पावले वरखाली होतात. आपण बसलेलो असलो, तर तीच रेषा प्रत्येक उभ्या माणसाच्या छातीच्या आसपासून जाते आणि डोकी तिच्या वर निघतात. म्हणून जागेवर गेल्यावर पहिली नोंद डोळ्यांच्या उंचीची करावी आणि रेखाटने व छायाचित्रे दोन्ही एकाच उंचीवरून घ्यावीत. ही नोंद राहून गेली असेल, तर छायाचित्रातील इमारतींच्या कंगोऱ्यांच्या आणि पदपथाच्या कडेच्या रेषा पट्टीने लांबवाव्यात. डोळ्यांच्या वरच्या रेषा दूर जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात आणि दोन्ही ज्या बिंदूत मिळतात तो क्षितिजरेषेवरचा व्हॅनिशिंग पॉइंट असतो. तो सापडला की तिथे टाचणी टोचून तिला दोरा बांधावा आणि दोरा ताणून प्रत्येक छज्जा, प्रत्येक कमानीची ओळ तपासावी. बिंदू कॅनव्हासच्या बाहेर पडत असेल, तर कॅनव्हास मोठ्या फळीवर टेकवून फळीवर टाचणी लावता येते.

फोनने आणखी एक घोळ घातला होता. राजाबाई टॉवर सुमारे २८० फूट उंच आहे आणि तो छायाचित्रात मावावा म्हणून फोन वर कलता केला, की सर्व उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि टॉवर मागे रेलल्यासारखा दिसतो. आपले डोळे हा कल मनातल्या मनात सरळ करून घेतात, कॅमेरा करत नाही. मी तो कल इमानाने कॅनव्हासवर उतरवला आणि पुढे कित्येक दिवस टॉवरच्या शिखराचा आकार दुरुस्त करत राहिले. त्यावरचा उपाय गवंड्याकडे आहे. दोऱ्याला जड वस्तू बांधून ओळंबा करावा, तो इझलवर सरळ ठेवलेल्या कॅनव्हाससमोर धरावा आणि इमारतीच्या उभ्या कडा त्याच्याशी समांतर आहेत की नाहीत ते पाहावे. शक्य असेल तर मुळात फोन जमिनीशी काटकोनात धरून, मागे सरकून छायाचित्र घ्यावे. ओव्हलसारख्या मोकळ्या मैदानावर मागे सरकायला जागा आहे, ही त्या ठिकाणाची मोठीच सोय आहे.

ऋतूचेही भान ठेवावे. मी काही छायाचित्रे डिसेंबरात घेतली आणि तपशील अपुरे वाटले म्हणून मे महिन्यात पुन्हा गेले. दोन्ही वेळा संध्याकाळचे पाच वाजले होते. परंतु डिसेंबरात त्या वेळी सूर्य नैर्ऋत्येकडे असतो आणि इमारतींच्या दक्षिणेकडच्या भिंतींवरही तिरपे ऊन पडते, तर मे महिन्यात तो पश्चिमेच्या थोडा उत्तरेला गेलेला असतो आणि त्याच भिंती पूर्ण सावलीत जातात. दोन छायाचित्रांतले उजेड एकत्र केल्यामुळे माझ्या सचिवालयाची भिंत उन्हातही नव्हती आणि सावलीतही नव्हती. एका चित्रासाठी एका दिवसाचा एकच अर्धा तास निवडावा आणि बाकीची छायाचित्रे केवळ आकार समजून घेण्यासाठी वापरावीत.

कोऱ्या कॅनव्हासचा पांढरेपणा

जलरंगाच्या सवयीने मी कॅनव्हास पांढराच ठेवला आणि इमारतींपासून सुरुवात केली. पांढऱ्या पृष्ठभागावर कोणताही रंग असतो त्यापेक्षा गडद भासतो, म्हणून हात आपोआप फिकट रंग मिसळू लागतो. माझ्या इमारती पूर्ण होईपर्यंत ठीक वाटत होत्या. आकाश भरले आणि त्या सगळ्या एकदम पिठूळ, रक्त नसल्यासारख्या दिसू लागल्या. मी दोष आकाशाला दिला आणि ते दोनदा बदलले.

तयार कॅनव्हासवर प्रायमरचा पांढरा थर असतो. त्यावर बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी किंवा यलो ऑकर हा मातकट पिवळा रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कापडाने पुसून घ्यावा, म्हणजे मध्यम गडद, उबदार असा तळ मिळतो. तो वाळल्यावर बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग पातळ करून ब्रशनेच रेखाटन करावे. या टप्प्यावर चूक झाली, तर टर्पेंटाइन लावलेल्या चिंधीचा एक फटकारा पुरतो. तीच चूक तिसऱ्या थरात सापडली, तर एक पूर्ण संध्याकाळ जाते. म्हणून क्षितिजरेषा, दोरा आणि ओळंबा यांच्या साऱ्या तपासण्या इथेच, कंटाळा न करता, पूर्ण कराव्यात.

यानंतर सर्वांत गडद जागा आणि आकाश या दोन गोष्टी आधी लावून टाकाव्यात, कारण बाकीच्या सर्व छटा या दोहोंच्या मधे बसवायच्या असतात. त्याआधी दोन-तीन इंचांचे एक छोटे रेखाटन करून त्यात गडद, मध्यम आणि उजळ अशा तीनच छटा भराव्यात आणि एका प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवावे: उन्हातली भिंत आकाशापेक्षा उजळ आहे की गडद? या दृश्यात संध्याकाळी मावळतीचे ऊन पश्चिमेकडे तोंड असलेल्या दर्शनी भागांवर थेट पडते आणि त्यांच्यामागचे पूर्वेचे आकाश निवत चाललेले असते, म्हणून टॉवरचा उन्हातला भाग आकाशापेक्षा उजळ ठेवावा लागतो. दुपारी बाराला हेच नाते उलटे होऊ शकते. उत्तर एकदा ठरले की चित्र संपेपर्यंत ते बदलू नये. काम चालू असताना डोळे किलकिले करून पाहावे आणि अधूनमधून चित्राचे छायाचित्र काढून फोनवर ते कृष्णधवल करावे. रंगांच्या मोहात लपलेली छटेची चूक तिथे लगेच उघडी पडते. आरशातून चित्र पाहिल्यासही डोळा ताजा होतो आणि आकारातला कल लक्षात येतो.

काळा दगड, पिवळसर दगड

या रांगेत दगडांचे दोन स्वभाव आहेत. राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा आहे आणि उच्च न्यायालयाच्या इमारतीत आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट आहे. दोन्ही इमारती १८७८ साली पूर्ण झाल्या; टॉवरचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊल न ठेवता लंडनमधून केला होता. चित्रकाराला या माहितीचा थेट उपयोग असा, की इंग्रजी हवामानात वाढलेल्या या गॉथिक शैलीतल्या खोल कमानी आणि बारीक कोरीव काम आपल्या प्रखर उन्हात फार तीव्र सावल्या टाकते आणि नवशिक्या त्या सावल्यांमध्ये हरवून जातो.

मी काळ्या दगडासाठी ट्यूबमधला आयव्हरी ब्लॅक वापरला. परिणामी न्यायालयाच्या जागी चित्राला भोक पडल्यासारखे झाले. काळा दगड उन्हात काळा नसतो. तो करडा, किंचित निळसर असतो आणि त्यावर मैदानाच्या हिरवळीचा व रस्त्याच्या धुळीचा उजेड खालून चढलेला असतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो करडा रंग मिळतो, तो निळ्याचे प्रमाण वाढवून थंड आणि सिएना वाढवून उबदार करता येतो. त्यात पांढरा व कणभर ऑकर घातला की उन्हातला बेसॉल्ट साधतो. माझ्या मते पहिल्या नगरदृश्यासाठी काळ्या रंगाची ट्यूब घरीच ठेवावी. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक लाल, एक लिंबासारखा पिवळा आणि टायटॅनियम व्हाइट एवढ्यांत मुंबईचा कोणताही रस्ता रंगवता येतो.

टॉवरच्या पिवळसर दगडाची चूक वेगळी होती. उजेड वाढवायचा म्हणून मी नुसता पांढरा मिसळत गेले आणि उन्हाऐवजी खडूचा थर आला. पांढरा छटा उजळ करतो, पण त्याच वेळी रंगाला थंड करतो. म्हणून उन्हातल्या भागात पांढऱ्याबरोबर पिवळ्याचा किंवा लालाचा थेंबभर अंश जावा लागतो. त्याहूनही खरे कारण असे होते, की शेजारची सावली पुरेशी गडद नव्हती. सावली एक पायरी गडद केल्यावर भिंतीवरचे ऊन, तिला हात न लावता, उजळले.

रंग मळण्याचा अनुभव प्रत्येकाला येतो. ओल्या रंगात ओला रंग लावताना ब्रश पुसला नाही, किंवा एकाच जागेवरून पाच-सहा वेळा फिरवला, की सगळे मिसळून चिखल होतो. अशा वेळी वर आणखी रंग लावणे ही दुसरी चूक ठरते, कारण खालचा ओला थर नव्या रंगालाही ओढून घेतो. पॅलेट नाइफने तो भाग खरवडून टाकावा आणि चिंधीने पुसावा. दुसरा उपाय मला अतिशय प्रिय आहे: वर्तमानपत्राचा कागद ओल्या भागावर पसरावा, तळहाताने हलकेच दाबावा आणि उचलावा. वरचा जास्तीचा रंग कागदाबरोबर निघून येतो आणि खाली आकाराचा मऊ ठसा उरतो, ज्यावर पुन्हा नेमके काम करता येते. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकवणाऱ्या हेन्री टाँक्स यांच्या नावावरून या रीतीला इंग्रजीत टाँकिंग म्हणतात. उन्हासाठी एक आणि सावलीसाठी दुसरा असे ब्रश वेगळे ठेवले, तर चिखलाची निम्मी शक्यता मुळातच टळते.

खिडक्या

न्यायालयाच्या प्रत्येक कमानीला मी मन लावून रंगवले आणि इमारत कागदी ठिगळे चिकटवल्यासारखी झाली. खिडक्या मोजून रंगवायच्या नसतात. आधी संपूर्ण दर्शनी भाग उन्हाचा एक पट्टा आणि सावलीचा एक पट्टा म्हणून लावावा. मग कमानींची ओळ एकाच गडद, अखंड पट्ट्याने सुचवावी आणि त्यांतल्या जवळच्या तीन-चार कमानींनाच स्पष्ट कडा द्यावी. दिवसा खिडकीची पोकळी भिंतीपेक्षा गडद दिसते, पण ती एकसारखी गडद नसते. कमानीच्या माथ्याखाली ती सर्वांत गडद असते आणि तळाकडे जमिनीवरून परतलेल्या उजेडाने किंचित उजळते. एवढा एक फरक तीन खिडक्यांत दाखवला की उरलेल्या खिडक्या पाहणारा स्वतःच पूर्ण करतो. दूरच्या इमारतींना जवळच्याइतकी धारदार कड देऊ नये. मधली हवा, धूळ आणि समुद्राकडून येणारा दमटपणा त्यांच्या छटा एकमेकींजवळ आणतो.

जी चूक उशिरा कळते

आतापर्यंतच्या चुका त्याच दिवशी किंवा त्याच महिन्यात दुरुस्त होतात. तेलाच्या प्रमाणातली चूक मात्र चित्र भिंतीवर लागल्यावर दिसते. जलरंगातले पाणी उडून जाते, तसे जवसाचे तेल उडून जात नाही; ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते. ज्या थरात तेल अधिक, तो थर अधिक काळ हलत-आकसत राहतो. त्याच्यावर कमी तेलाचा, टर्पेंटाइनने पातळ केलेला थर आला, तर तो आधी कडक होतो आणि खालची हालचाल सोसू न शकल्याने तडकतो. मी आकाशाचा पहिलाच थर गुळगुळीत यावा म्हणून भरपूर तेल घालून लावला आणि आठवड्याभराने टॉवरच्या शिखराच्या बारीक रेषा टर्पेंटाइन घालून त्यावर ओढल्या. आठ महिन्यांनी त्या रेषांमध्ये केसासारखे तडे दिसले. त्यांवर पुन्हा रंग लावण्यात अर्थ नव्हता, कारण दोष खाली होता.

म्हणून पहिला थर टर्पेंटाइनचा, मधला ट्यूबमधल्या रंगाचा आणि शेवटचा थोडे तेल घातलेला, हा क्रम पाळावा. अंबरसारखे मातीचे रंग लवकर वाळतात. आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइट यांना अधिक वेळ लागतो, हेही थर लावताना ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत व कोकणात, हे सारे आणखी लांबते आणि कॅनव्हास दमट हवेने सैल पडतो. त्या दिवसांत पुढचा थर लावण्याआधी कोपऱ्यात बोट टेकवून पाहावे आणि चिकट लागले तर थांबावे.

याच जातीची, पण निरुपद्रवी अशी एक गोष्ट नवशिक्याला फसवते. वाळल्यावर काही गडद भाग निस्तेज, राखाडी होतात. मी सावल्यांचा रंग उडाला असे समजून त्या दोनदा पुन्हा गडद केल्या आणि वॉर्निश लावल्यावर त्या कोळशासारख्या झाल्या. वस्तुतः खालच्या थराने वरच्या थरातले तेल शोषून घेतलेले असते आणि रंग जागेवरच असतो. पूर्ण वाळलेल्या त्या भागावर जवसाचे तेल व टर्पेंटाइन यांच्या मिश्रणाचा अगदी पातळ हात कापडाने फिरवून जास्तीचे टिपून घेतले, की मूळ रंग परत दिसतो; त्यानंतरच दुरुस्ती हवी की नको ते ठरवावे.

तेलाने भिजलेल्या चिंध्यांबद्दल मात्र चुकून शिकण्याची मुभा नाही. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला, तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. त्या बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात. टर्पेंटाइनची बाटली वापरात नसताना बंद असावी आणि खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्यात.

चुकांची वही

मी आता प्रत्येक चित्रासोबत एक वही ठेवते आणि तिच्या पानावर दोन रकाने आखते: डावीकडे चूक कुठे दिसली, उजवीकडे ती कोणत्या टप्प्यावर झाली. उजवा रकाना त्याच दिवशी भरता येत नाही. तो कधी आठवड्याने भरतो, कधी आठ महिन्यांनी. पहिल्या चित्राच्या पानावर एकोणीस नोंदी आहेत आणि त्यांपैकी अकरा नोंदींच्या उजव्या रकान्यात एकच उत्तर आहे, ते म्हणजे रंगाला हात लावण्याआधीचे रेखाटन. दुरुस्ती करण्यापूर्वी या वहीचा आधार असा घ्यावा: दोष आकारात असेल तर तो भाग खरवडून रेखाटनापर्यंत मागे जावे, छटेत असेल तर आधी शेजारची छटा बदलून पाहावी आणि केवळ रंगात असेल तर थर वाळू देऊन वर पातळ हात द्यावा. कोणत्या टप्प्याचा दोष आहे हे सांगता येत नसेल, तर त्या दिवशी ब्रश धुऊन ठेवावेत.

सर्व चुका दुरुस्त करण्याचा हट्टही धरू नये. पहिल्या चित्रातली माणसे मी नीट केली, काळा दगड पुन्हा रंगवला, पण टॉवरचा कल तसाच ठेवला, कारण तो सरळ करायचा तर आकाशासह अर्धे चित्र खरवडावे लागले असते. त्याऐवजी त्याच मापाचा दुसरा कॅनव्हास घेतला, त्याच जागी, त्याच वेळी, या खेपेला उभी राहून. तळाचा ऑकर वाळल्यावर सर्वांत आधी क्षितिजरेषा ओढली, तिच्या डाव्या बाजूला टाचणी टोचली आणि ओळंबा लावून टॉवरची पहिली कड आखली.